गाणं कोण उचलणार? मराठी ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासातला एक छोटा प्रश्न

गेल्या वर्षी राहुरी तालुक्यातल्या एका गावात बुधवारच्या घरगुती प्रार्थनेला गेले होते. वीस-बावीस माणसं, एक सतरंजी, भिंतीला टेकून बसलेल्या बायका, दाराजवळ चपलांचा ढीग. पाळकसाहेबांकडे चार गावं, त्यामुळे त्यांना उशीर होणार हे सगळ्यांना माहीत होतं. गिटार घेऊन बसलेल्या मुलाने मोबाइलवर गाण्याचे शब्द शोधायला सुरुवात केली, पण रेंज नव्हती. थोडा वेळ सगळे नुसतेच बसले. मग कोपऱ्यातल्या एका आजींनी टाळी वाजवून एक अभंग उचलला. एक ओळ त्या म्हणायच्या, तीच ओळ सगळे मागून म्हणायचे. तिसऱ्या कडव्यापर्यंत पोरंही म्हणायला लागली. पाळकसाहेब आले तेव्हा उपासना निम्मी झाली होती.

नंतर चहा घेताना मी आजींना विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" त्या म्हणाल्या, "त्यात शिकवायचं काय, बाई? आई म्हणायची, आम्ही मागून म्हणायचो."

त्या दिवसापासून माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण या 'मागून म्हणायचो'भोवती फिरतंय. आज तेच तुम्हाला सांगते.

माझा विषय ऐकला की बहुतेक जण विचारतात, "म्हणजे मिशनऱ्यांचा इतिहास का?" तसं नाही. मिशनऱ्यांवर भरपूर लिहून झालंय, त्यांनी स्वतःही स्वतःवर भरपूर लिहिलंय. मला त्या खोलीत बसलेल्या माणसांचा इतिहास हवाय. गाणं कोण सुरू करायचं, प्रार्थना कोण करायचं, पाळक नसले तर उपासना व्हायची की नाही? वरवर हे प्रश्न किरकोळ वाटतात. पण उपासना कोण चालवू शकतं, यावरून मंडळी कोणाच्या मालकीची आहे ते कळतं. ('मंडळी' हा शब्द ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी: मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या इमारतीला चर्च म्हणतात आणि त्यात जमणाऱ्या लोकांना मंडळी. पाळक म्हणजे पास्टर.)

पुस्तक हातात असलेला माणूस

मराठीत ख्रिस्ती भक्तिगीत म्हणण्याची सुरुवात अमेरिकन मिशनच्या दोन शतकं आधीची आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात 'क्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि लिपी रोमन! एक जण पुराण वाचतो आणि बाकीचे ऐकतात, ही रीत लोकांच्या ओळखीची होती, तीच स्टीफन्सने घेतली. पण मिस्सा मात्र लॅटिनमध्येच राहिली, ती थेट १९६० च्या दशकापर्यंत. कॅथलिक मंडळींची ही गोष्ट मोठी आहे, ती वेगळ्या लेखात सांगेन. आज आपण नगरला जाऊ.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ठाणं केलं. हे लोक काँग्रिगेशनल पंथाचे. त्यांच्याकडे अँग्लिकन लोकांसारखं ठरावीक प्रार्थनापुस्तक नव्हतं. उपासना म्हणजे गीत, प्रार्थना, शास्त्रपाठ, प्रवचन, आशीर्वाद. प्रार्थना मनातून, स्वतःच्या शब्दांत करायची. म्हणजे तत्त्वतः कोणीही करावी. ऐकायला हे किती मोकळं वाटतं ना?

प्रत्यक्षात अडचण गाण्याची होती. सुरुवातीची बरीच गीतं इंग्रजी गीतांची भाषांतरं होती आणि ती इंग्रजी चालींवर बसवलेली होती. त्या चाली मिशनऱ्याला यायच्या, त्याच्या बायकोला पेटीवर वाजवता यायच्या, आणि बोर्डिंग शाळेत शिकलेल्या मुलांना यायच्या. शब्द पुस्तकात होते. आता एक आकडा लक्षात ठेवा: १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात साक्षर माणसं शंभरात जेमतेम सहा होती. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले, खेड्यात राहणारे. शाळेचं दार त्यांच्यासाठी नुकतंच किलकिलं झालं होतं. पुस्तकातून गायचं म्हटलं की उपासना चालवणारा माणूस आपोआप ठरायचा: ज्याच्या हातात पुस्तक आहे आणि ज्याला ते वाचता येतं तो. बाकीच्यांनी ऐकायचं.

चालीचं गणित

इथे जरा छंदशास्त्रात शिरावं लागेल. कंटाळू नका, मजा आहे.

इंग्रजी गीताची चाल आघातावर चालते. एक अक्षर हलकं, एक जोरकस, असं पुढे पुढे. मराठीत तसा आघात नाही. आपल्याकडे अक्षर ऱ्हस्व की दीर्घ, किंवा ओळीत अक्षरं किती, हा हिशोब असतो. मराठी शब्द इंग्रजी चालीवर बसवला की चाल लांब थांबते तिथे ऱ्हस्व अक्षरही ओढावं लागतं. 'दिन' ओढला की 'दीन' ऐकू येतो, म्हणजे दिवसाचा गरीब होतो. 'प्रभु'तला शेवटचा उकार एवढा लांबतो की पुढचा शब्द येईपर्यंत श्वास संपतो. वाचताना अर्थ कळतो, गाताना निसटतो. ज्याला वाचता येत नाही त्याला तो अर्थ मिळतच नाही.

आता अभंग घ्या. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात, छोट्यात आठ-आठ अक्षरांचे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक येतं, त्यामुळे पुढचा शब्द कानाला आधीच कळल्यासारखा वाटतो. अक्षर थोडं लांबवलं, थोडं आखडलं तरी चालतं. आणि मुख्य म्हणजे ध्रुवपद परत परत येतं. चार कडव्यांच्या अभंगात नवख्या माणसालाही ध्रुवपद दुसऱ्या फेरीत पाठ होतं. म्हणजे ज्याला एकही अक्षर वाचता येत नाही तो दोन मिनिटांत गायला लागतो, आणि पुढच्या आठवड्यात तोच गाणं उचलू शकतो.

राहुरीच्या आजींच्या 'मागून म्हणायचो'चा अर्थ हाच. मागून म्हणणं ही पुढे होण्याची शिकवणी होती. त्यासाठी वेगळा वर्ग भरवावा लागत नव्हता.

सांगळे, टिळक आणि कीर्तन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तन रुजलं. त्यातलं महत्त्वाचं नाव कृष्णराव रत्नोजी सांगळे. सांगळे गीतं लिहायचे आणि कीर्तनं करायचे. बांधणी ओळखीचीच होती: आधी नमन, मग पूर्वरंगात एखाद्या वचनाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान. फक्त आख्यान बायबलमधलं. योसेफाची गोष्ट कीर्तनाला अगदी तयारच आहे. भावांनी विकलेला मुलगा, मिसर देशातला तुरुंग, दुष्काळ, आणि शेवटी भावांची भेट. उधळ्या पुत्राचा दाखलाही तसाच. बाप वाट बघत उभा आहे, या जागी कीर्तनकार थांबतो आणि सगळे ध्रुवपद धरतात.

याचा परिणाम काय झाला बघा. चर्चमध्ये न येणारी माणसं कीर्तनाला यायची. चावडीसमोर, झाडाखाली, कोणाच्या अंगणात ते व्हायचं. आणि कीर्तनकार हिंदीच असायचा! (त्या काळी 'हिंदी' म्हणजे हिंदुस्थानातला.) मिशनरी कितीही चांगलं मराठी बोलला तरी चिपळ्या घेऊन आख्यान लावणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. उपासना चालवण्याचं एक काम असं निर्माण झालं की त्यात मिशनरी श्रोत्यांमध्ये बसायचा.

मग नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा जन्म (१८६१), चित्पावन ब्राह्मण, कवी म्हणून आधीच नाव झालेलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला आले, तिथल्या सेमिनरीत शिकवू लागले. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मोकळेपणाने सांगायचे. त्यांनी ख्रिस्ती मंडळींसाठी शेकडो गीतं लिहिली, आणि 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात आजही त्यांचा वाटा मोठा आहे. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादक होते. 'ज्ञानोदय' म्हणजे १८४२ साली नगरला सुरू झालेलं मिशनचं नियतकालिक.

टिळकांना प्रश्न फक्त चालीपुरता नाही, हे लवकर कळलं होतं. मराठी चाल आली, मराठी शब्द आले, तरी पगार मिशनकडून येत असेल तर पाळक मिशनचा नोकरच राहतो. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला ते वारले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही, गाणी टिकली.

त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरं राहिलं होतं. साडेदहा अध्याय झाले होते. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्न झालं तेव्हा ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या लक्ष्मीबाईंनी! 'स्मृतिचित्रे'मुळे आपल्याला त्या माहीत असतात, पण ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. घरात कविता ऐकत, म्हणत जी बाई घडली, तिने नवऱ्याचं काव्य पुरं केलं. मागून म्हणणाऱ्याने पुढे होण्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

केडगाव, १९०५

बायकांचं नाव निघालंच आहे तर दौंडजवळच्या केडगावला चला. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि बायका राहत होत्या.

रमाबाईंचं बालपण कसं गेलं ते आठवा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत देवळांत पुराणं वाचायचं आणि त्यावर गुजराण करायचं. संस्कृत पुराण मोठ्याने वाचायचं, लोक नमस्कार करणार, फुलं-फळं-पैसे ठेवणार आणि जाणार. अर्थ सांगण्याची गरज नसायची, हे रमाबाईंनीच पुढे आपल्या आत्मकथनात नोंदवलंय. लोकांसमोर धर्मग्रंथ वाचणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं आतून माहीत असलेली बाई त्या काळच्या ख्रिस्ती मंडळीत दुसरी नसेल.

१९०५ च्या सुरुवातीला त्यांनी मुलींना विचारलं, रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला कोण तयार आहे? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेवर गेला. जूनच्या शेवटी तिथे मोठं 'संजीवन' सुरू झालं. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, गाऊ लागल्या. पाहुण्यांपैकी काहींना हे देवाचं काम वाटलं, काहींना गोंधळ वाटला.

या घटनेवर धर्मशास्त्राच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलंय, पेंटेकोस्टल चळवळीच्या जागतिक इतिहासात केडगावचं नाव येतं. मी त्याकडे वेगळ्या बाजूने बघते. एकाच वेळी पाचशे जणी बोलतायत, तेव्हा उपासना कोण चालवतंय? व्यासपीठावरचा माणूस तिथे जवळपास निरुपयोगी होतो. ज्या मुलींना कोणी कधी चार माणसांत बोलू दिलं नव्हतं, ज्यांच्यातल्या अनेक विधवा होत्या, त्यांना मोठ्याने बोलायला जागा मिळाली. आणि भारतीय माणसाला त्याच्या स्वभावाप्रमाणे व्यक्त होऊ द्या, पाश्चात्य शिस्तीच्या मापाने मोजू नका, अशी रमाबाईंची भूमिका होती. पुढे या मुलींचे गट आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जायला लागले.

पण 'आपलं' म्हणजे कोणाचं?

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते. परकी चाल गेली, देशी चाल आली, सगळे गायला लागले. मलाही पहिल्या वर्षी असंच वाटायचं. मग माझ्या मार्गदर्शकांनी एक प्रश्न विचारला आणि मी अडकले: "अभंग कोणाचा होता?"

टिळकांना अभंग घरचा होता. पण नगरच्या खेड्यातल्या महार कुटुंबाला? चोखोबा चौदाव्या शतकात अभंग रचत होते आणि विठोबाच्या देवळाबाहेर उभे होते. त्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे. पंढरपूरचं मंदिर दलितांना उघडलं १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे नगरच्या चर्चमध्ये टिळकांचे अभंग घुमत होते त्या सगळ्या काळात, ते गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना अभंगाच्या मूळ घरात पाऊल टाकता येत नव्हतं.

याचे दोन अर्थ निघतात, आणि दोन्ही खरे आहेत असं माझं मत आहे. एक, जे लांबून ऐकलं होतं ते आता त्यांनी मध्यभागी उभं राहून गायलं. ही साधी गोष्ट नाही. दोन, 'भारतीय पद्धत' म्हणून चर्चमध्ये जे आलं ते बरंचसं शिकलेल्या वर्गाच्या आवडीचं होतं. अभंग आला, हरिदासी कीर्तन आलं, संस्कृत शब्दांची गीतं आली. संबळ-तुणतुण्याचा गोंधळ आणि जात्यावरची ओवी यांना तेवढा मान मिळाला नाही. ओवी बायकांनी घरात म्हटली, तिचं पुस्तक क्वचितच झालं. आणि कीर्तनकारही हळूहळू तज्ज्ञ झाला. पाठांतर हवं, आवाज हवा, साथीला तबला-पेटी हवी. पुस्तकवाल्या माणसाच्या जागी चिपळ्यावाला माणूस येऊ शकतो, आणि बाकीचे पुन्हा नुसते ऐकत राहू शकतात.

पेटीचीही गंमत सांगते. ज्या हातपेटीशिवाय आपल्याला 'देशी' भजन सुचत नाही, ती हार्मोनियम मूळची पॅरिसची. तिचं पेटंट १८४२ चं, म्हणजे ती आणि 'ज्ञानोदय' एकाच वयाचे! मांडी घालून एका हाताने भाता मारायची सोय नंतर कलकत्त्यात झाली. त्यामुळे वाद्य देशी की परदेशी, यावर मी आता वाद घालत नाही. ते वाजायला लागल्यावर खोलीतली किती माणसं गातात, एवढंच बघते.

आज

१९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि काँग्रिगेशनल, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन अशा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एका छताखाली आल्या. छापील उपासनाक्रम आणि मोकळी प्रार्थना, दोन्ही शेजारी बसले. त्याच्या बाहेर शेकडो स्वतंत्र मंडळ्या आहेत. तिथे 'वर्शिप लीडर' हा शब्द रुळलाय. ड्रम, कीबोर्ड, पडद्यावर शब्द, हिंदी आणि इंग्रजी गाणी. जुनी माणसं म्हणतात, हे आपलं नाही. तरुण म्हणतात, तुमची गाणी रटाळ आहेत.

मी या भांडणात कोणाच्याच बाजूची नाही. गिटार हातात घेतलेला तो राहुरीचा मुलगा शनिवारी दोन तास सराव करतो, त्याची श्रद्धा मी का मोजू? टिळकांनाही त्यांच्या काळात 'हे हिंदू वाटतं' असं ऐकावं लागलंच असणार. पण इतिहास वाचून मला एक कसोटी मिळालीय, ती तुम्हाला देते. तुम्ही उपासना चालवत असाल, चर्चमध्ये, महिला मंडळात किंवा चार घरांच्या प्रार्थनागटात, तर एखाद्या रविवारी कडव्याच्या मध्येच गाणं थांबवून बघा. लोक पुढे नेतात का? नेत असतील तर वाद्य कुठलंही असो, काम झालंय. खोली गप्प झाली, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकवाल्या माणसाच्या जागी आपण उभे आहोत असं समजा.

शेवटी एक विनंती. मिशनच्या अहवालांत किती लोक कीर्तनाला आले ते लिहिलेलं असतं, किती बाप्तिस्मे झाले ते असतं. दुसरी ओळ कोणी उचलली ते कोणी लिहिलेलं नाही. ते कुठे असेल तर जुन्या गीतपुस्तकांच्या समासात, पेन्सिलीने लिहिलेल्या चालीत, आजीच्या वहीत. तुमच्या घरी असं काही असेल तर रद्दीत देऊ नका. आणि आजी असतील, तर आधी त्यांना एक गाणं म्हणायला सांगा. रेकॉर्ड नंतर करा. पहिल्यांदा नुसतं मागून म्हणा.

पुढच्या लेखात जात्यावरच्या ख्रिस्ती ओव्यांबद्दल लिहिते.